बॅटरीवरचे गणपती

मुंबईला गेल्यापासून आमच्या दादाला एक खोड लागली होती. कुठलंही काम हाताने होतंय म्हटलं की त्याला ते कमीपणाचं वाटायचं. रहाटाला मोटर बसवू, ताकाच्या रवीला सायकलची चेन लावू, उखळाला असं करू, जात्याला तसं करू. बसवलं त्याने कधीच काही नाही, पण बोलायचा अशा थाटात की आई बिचारी खरंच रवी बाजूला ठेवून चेनची वाट बघायची. ताक शेवटी मीच घुसळायची.

गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कसालच्या बाजारापासून कोसभर आत आमचं घर. बाबांची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायची पडवी. आमच्याकडे गणपती बाजारातून उचलून आणत नाहीत. नागपंचमीच्या सुमारास प्रत्येक घरचा माणूस आपापला लाकडी पाट शाळेत आणून देतो आणि त्याच्या घरचा गणपती त्याच पाटावर घडतो. वर्षानुवर्षं एका घरचा पाट एकाच शाळेत जातो. बाबांकडे साठ घरांचे पाट येत, आणि आमचा घरचा एकसष्टावा. एखाद्या वर्षी शाळेने दगा दिला तर पुढच्या वर्षी तो पाट दुसऱ्या शाळेत जाणार, आणि एकदा गेलेला पाट परत येत नाही. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण बाबा श्रावणात नीट जेवत नसत ते काही उपवासामुळे नव्हे.

त्या वर्षी चतुर्थीला बारा दिवस असताना बाबा विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात बांधला आणि महिनाभर हलवायचा नाही म्हणून सांगितलं. गणपती सगळे घडून, सुकून, पांढरे होऊन पडवीत रांगेने बसलेले. रंग एकालाही नाही.

मी तेव्हा विशीची. आठव्या वर्षापासून त्या पडवीत बसलेली. माती मळणं, पांढरा हात देणं, पिवळी पिवडी नि तांबडा हिंगूळ खलणं, डिंक भिजवणं, सगळं मी करायची. पण अंगाचा रंग देणं आणि डोळे लिहिणं बाबांचं. तशी चालच होती. हात मोडला त्या संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, मी रंग देतंय."

"ता तुजा काम नाय," बाबा म्हणाले, आणि शेजारच्या काकांना सांगून दादाला तार केली.

माझ्या डोळ्यांपुढे साठ पांढरे गणपती, मी हातावर हात ठेवून बसलेली, आणि रंग द्यायला येणार कोण, तर ज्याने आयुष्यात सोंडेला बोट लावलं नाही तो. दादा मुंबईला मोटारींना रंग मारायच्या कारखान्यात होता, एवढीच त्याची लायकी. मोटारीला सोंड नसते हे बाबांना कोण सांगणार?

दादा आला तो गाडी घेऊन. कोल्हापूरवरून घाट उतरून, दोन दिवस चालवत. ती गाडी मी कधी विसरणार नाही. पूर्वी कुठल्याशा फिरत्या सिनेमावाल्याची होती, तो तिच्यातच राहायचा. मागच्या बाजूला दोन फळ्यांचे बिछाने, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा, छताला दिवा आणि एक बारका पंखा. कारखान्याच्या मालकाकडून दादाने ती चतुर्थीपुरती मागून आणली होती. आल्या आल्या त्याने जाहीर केलं की आपण गाडीतच झोपणार, म्हणजे घरात गर्दी नको. घरात आम्ही तिघं. आईला ते इतकं लागलं की ती दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "घर आसा मां? मगे झिल गाडयेत कित्या निजता?" घर असताना मुलगा गाडीत का झोपतो, हे तिला कळेना. दादा आत पडदा ओढून पंखा लावून झोपे, आणि तो पंखा बॅटरी खातोय हे त्या शहाण्याच्या डोक्यात नव्हतं.

कारण सगळं त्या बॅटरीवर होतं. दादाने आपल्याबरोबर हवेचं मशीन आणलं होतं. गुडघ्याएवढं, हिरवं, मिलिटरीच्या भंगारातलं. त्याला रबराची नळी, नळीच्या टोकाला रंग उडवायची पितळी बंदूक. गाडीच्या बॅटरीला दोन चिमटे लावायचे, मशीन हवा भरतं, बंदुकीचा घोडा दाबला की रंग फवाऱ्यासारखा बाहेर. आमच्या गावात विजेचा खांबसुद्धा नव्हता, त्यामुळे हे ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले. "एका दिवसात साठ गणपती," दादा म्हणाला. "आंग एका दिवसात, पितांबर दुसऱ्या दिवसात. बाबांनी नुसता खुर्चेर बसान बघूचा." बाबांनी खरोखरच खुर्ची मागवली. माझ्याकडे न बघता.

वायर आखूड होती, म्हणून गाडी घरापुढच्या खळ्यातून थेट पडवीला टेकवावी लागली. त्यात आईचा अळवाचा वाफा गेला. चाक चिखलात रुतलं ते वेगळंच. पण वाडीतली सगळी माणसं जमली होती, तेव्हा अळवाचं कोण ऐकतो. दादाने ऐटीत चिमटे लावले, मशीन धडधडायला लागलं, आणि तेवढ्यात शेजारच्या काकांनी हात वर केला.

शेजारचे काका म्हणजे वाडीतलं वडीलधारं माणूस. नवीन होडी असो, नवीन बैल असो की शाळेतला नवा मास्तर, काकांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरुवात होत नसे. नारळ ठेवून देवाला हाक मारायची, काय चाललंय ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात वाईट काही नाही, मीही म्हणते. पण मशीन चालू होतं.

दादा बटणाकडे हात नेऊ लागला तर काका म्हणाले, "बंद करू नको रे. देवाक दिसांदी तां काय आसा."

आणि त्यांनी सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा, येशीवरच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरान मुंबयसून जां काय यंतर हाडल्यान हा, तेच्यार तुजी नजर आसांदे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं. तोडलं तर जे काही वाईट होईल ते तोडणाऱ्याच्या डोक्यावर. काकांनी गावाच्या चारी सीमा घेतल्या. विहिरीवरचा घेतला, वडावरचा घेतला, बाबांना ज्या पायरीने पाडलं त्या पायरीखाली कोण असेल त्यालाही समजावलं. बाबांच्या मनगटाचं सांगितलं, दादाच्या लग्नाचं सांगितलं, माझ्याही लग्नाचं सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. मशीनचा आवाज धडधड होता तो घरघर झाला, घरघरीची कुरकुर झाली. दादा घामाघूम. मी दात आवळून उभी. शेवटचं "व्हय म्हाराजा" झालं, नारळ फुटला, आणि दादाने बंदूक उचलून पहिल्या गणपतीवर धरली, तर तिच्यातून रंगाचा एक थेंब आला. तोही दादाच्याच पायावर पडला.

"देवान ऐकल्यान," काका म्हणाले. "यंतर शांत झाला."

बॅटरी मेली म्हणजे गाडीही चालू होईना. मग हँडल. पाच जणांनी पाळीपाळीने हँडल मारलं. एकाला त्याने असा उलटा झटका दिला की आई ओरडली, एका घरात एक मोडको हात पुरे. शेवटी इंजिन लागलं ते दिवसभर चालू ठेवलं, बॅटरी भरायला. पडवी धुराने भरली आणि पांढरे गणपती किंचित करडे झाले. त्यांच्यावरून मी पुन्हा पांढरा हात फिरवला. ते मात्र हातानेच करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू, मशीन चालू, गावातली वासरं दावी तोडून पळालेली, अशा थाटात रंगाला सुरुवात झाली. खोटं कशाला बोलू? पहिले पाच गणपती सुरेख आले. अंगाचा रंग असा एकसारखा बसला की कुंचल्याची रेघ शोधून सापडेना. बाबा खुर्चीत पुढे सरकले. इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि ते बघून मलाही बरं वाटलं. मी मनात म्हटलं, होऊ दे, चाल मोडू दे, पण गणपती होऊ देत.

सहाव्यापासून बंदूक थुंकायला लागली. रंगाबरोबर पाण्याचे थेंब. श्रावण सरतानाची आमची हवा, पिळली तर तांब्याभर पाणी निघेल अशी. ती मशीनमध्ये दाबली की पाणी होऊन नळीत उतरायची. ते अडवायला म्हणे एक काचेची बाटली असते. "खंय ती?" मी विचारलं. ती मुंबईला राहिली होती. दादाने तरीही घोडा सोडला नाही. आता सुधारेल, आता सुधारेल, म्हणत त्याने वीस गणपती थेंबाळून टाकले. काकांनी वाकून एकेकाकडे पाहिलं आणि सांगितलं, "गणपतीक गोवर इलो."

बाबा उठून आत गेले. खुर्ची पडवीत तशीच राहिली.

मी तेव्हा पुन्हा म्हटलं असतं, मी देते रंग. पण माझाही मानी स्वभाव. एकदा नको म्हटलं ना, मग बघा आता तुमचं मशीन. अशी मी रागाने चूल फुंकत बसले, आणि ह्या रागाची मला अजून लाज वाटते, कारण दिवस जात होते आणि घरं त्या गणपतींची होती.

बॅटरीतलं पाणी आटलंय, हे दादाला तिसऱ्या दिवशी कळलं. वरची बुचं उघडून बघितलं तर आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. "डिस्टिल वॉटर व्हया," तो म्हणाला. काकांनी विचारलं, ते काय असतं? आता ह्या माणसाने सरळ सांगावं की नाही? पण त्याला काकांपुढे ज्ञान पाजळायचं होतं. "काका, तां एकदम शुद्ध पाणी. तेका माती लागलेली नाय, भांडा लागलेला नाय, माणसाचो हात लागलेलो नाय." एवढं बोलून तो जेवला आणि गाडीत पडदा ओढून झोपला.

तासाभराने मी बाहेर आले तर काका गाडीचं पुढचं झाकण उघडून उभे. पायाशी सहा शहाळी. एकेक छिलून, एकेका भोकात, एक थेंब इकडेतिकडे न सांडता ओतलेलं. "माती नाय, भांडा नाय, हात नाय," काका मला म्हणाले. "देवान बंद करून ठेवलेला पाणी. हेच्यापेक्षा शुद्ध तू माका दाखय." उरलेलं त्यांनी स्वतः प्यायलं.  दादाचं वाक्य आणि काकांचं शहाळं, दोन्हींत मला कुठे चूक सापडेना, आणि तरी काहीतरी भयंकर झालंय हे कळत होतं.

संध्याकाळपर्यंत बॅटरी पार मेली. गाडी नाही, मशीन नाही, दिवा नाही, पंखा नाही. दुसऱ्या दिवशी ती मेलेली बॅटरी गोणपाटात गुंडाळून, घमेल्यात घालून, मी आणि दादा एसटीने कुडाळला निघालो. कंडक्टर गाडीत घेईना. दादाने त्याला शुद्ध मराठीत सांगितलं की हे देवाच्या कामाचं सामान आहे, तेव्हा त्याने घेतलं, पण घमेलं माझ्या मांडीवर ठेवायला लावलं. बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडून माझं लुगडं तीन ठिकाणी जळालं ते त्या दिवशी.

कुडाळात रेडिओच्या बॅटऱ्या भरून देणारा एक माणूस होता. त्याने बूच उघडलं, नाक जवळ नेलं, पुन्हा नेलं, आणि दादाकडे बघितलं. "हेच्यात काय घातलास?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "शहाळा."

त्या माणसाने बूच परत बसवलं. मग म्हणाला, "वायच गूळ-पोहे तरी घालूचे होते." आणि दुकानाच्या दाराकडे बोट केलं. बाहेर धो धो कोसळत होतं. "एवढो पाऊस पडता हा. उघड्यार एक काचेची बरणी ठेवलास असती तरी भागला असता. गाळूक नको, कढवूक नको."

आभाळ चार दिवस आमच्या खळ्यात फुकट ओतत होतं आणि आम्ही माडावरून शहाळी उतरवत होतो. ह्यावर हसणारी माणसं मला नंतर पुष्कळ भेटली. मला त्या वेळी दादाचं मुंडकं पिरगळावंसं वाटलं, दुसरं काही नाही.

चतुर्थीला चार दिवस. दादा तिथूनच रेडीला निघाला. तिथे खाणीच्या ट्रकवर त्याच्या ओळखीचा ड्रायव्हर होता, त्याच्याकडून बॅटरी मागून आणतो म्हणाला. मी एकटी परत आले. आईला काही सांगितलं नाही, बाबांना विचारलं नाही. पडवीत जाऊन खलातली पिवडी ओली केली, गोवर आलेला पहिला गणपती पुढ्यात ओढला आणि थेंब पुसून अंगाला रंग द्यायला घेतला. 

बाबा दारात येऊन उभे राहिले ते मला दिसलं. आता ओरडतील म्हणून मी मान वर केली नाही. दोन गणपती झाले. तिसऱ्याला बाबा म्हणाले, "वायच तांबडो घाल. मातयेसारखो दिसता."

मी तांबडा घातला. ते आले आणि खुर्ची पायाने सरकवून जमिनीवर बसले. पुढचे तीन दिवस, उजेड असेपर्यंत, आम्ही तसेच बसलो होतो. मी रंग द्यायची, ते डाव्या हाताने पुढचा रंग खलून ठेवायचे, आई शेगडीत निखारे घालून गणपती सुकवायची. "ता तुजा काम नाय" हे वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही. फक्त सांगत राहिले, हय दाट, थय पातळ, सोंडेचो वळसो सोडू नको, कुंचलो उभो धर.

डोळे मात्र ते मला देईनात. पाटीवर कोळशाने डाव्या हाताने डोळा काढत बसायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी साठ आंधळे गणपती रांगेत आणि दुपारपासून माणसं न्यायला येणार. बाबांनी कोळसा खळ्यात फेकून दिला. "तूच लिही," म्हणाले. "आदी डावो, मगे उजवो. आणि श्वास धरून."

मी लिहिले. साठांचे एकशेवीस. शेवटी शेवटी मला माझेच डोळे बंद करता येईनात.

दुपारी दादा रेडीहून आला, हमालाच्या डोक्यावर ट्रकची बॅटरी घेऊन. रंगवलेली रांग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून आला, मग म्हणाला, "बरे झाले. आता मशीनीन वरसून रोगणाचो एक हात मारूया, चकचकीत..."

"दादा," मी म्हटलं, "तुज्या त्या गाडयेत जा, दार लाय आणि नीज."

वडील भावाला मी असं आयुष्यात बोलले नव्हते. तो गेला, आणि दारही लावलं.

मग माणसं यायला लागली, डोक्यावर इरली घेऊन, टाळ वाजवत. खळ्यात ती गाडी उभीच होती. तिच्याकडे बघून आत यायचे, गणपतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "मशीनीचो रंग तो मशीनीचो! हाताक जमाचो नाय." दादाने, खरं सांगायचं तर, दोनदा बाहेर येऊन सांगितलं की मशीन बंद पडलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. त्यांना तो विनय वाटला. काका प्रत्येकाला सांगत होते, "शहाळ्याचा पाणी पावला." बाबा पाटावर नारळ ठेवून घेत होते, पाटाखालची खूण बघून ज्याचा त्याला देत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. साठ वेळा मी वाट बघितली की आता सांगतील, हे माझ्या मुलीच्या, माझ्या चेडवाच्या हातचं आहे. साठ वेळा नाही सांगितलं. तो राग माझ्या पोटात उरलाय तो उरलाच आहे.

पडवी रिकामी झाली. आमच्या घरचा एकटा गणपती राहिला, अजून डोळे नसलेला. मी कुंचला काजळात बुडवून बसले तर बाबा समोर येऊन बसले आणि डावा हात पुढे केला. "हाड हकडे."

मी कुंचला त्यांच्या हातात दिला. त्यांनी श्वास धरला आणि डोळे लिहिले. डावा थोडा वर गेला. उजवा ओघळला. बाबांच्या हाताने लिहिलेले इतके वाकडे डोळे मी कधी पाहिले नव्हते. मला बघवेना.

"द्या," मी म्हटलं, "ओलां आसा तवसर पुसून नीट करतंय."

"रवांदे गो," बाबा म्हणाले. "साठ घरांक तुजे डोळे गेले. एका घराक माजे आसांदेत."